अंबाक्काची कोरड्या मुलखाची तालीम

अंबाक्का रोज संध्याकाळी भुशाच्या ढिगावर चालायची.

कॅसलरॉक स्टेशनच्या मागे लाकडाची वखार होती. रानातून बैलगाड्यांनी आलेले ओंडके तिथे कापत, आणि करवतीखाली पडलेला भुसा एका बाजूला लोटून त्याची लहानशी टेकडी झालेली असे. शिलाईचं काम आवरलं की अक्का तिथे जायची, वहाणा काढायची, भरलेली पिशवी पाठीला लावायची आणि त्या टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ये-जा करत राहायची. पाय घोट्यापर्यंत रुतत. वखारीतली माणसं बिड्या ओढत बघत बसत.

"अक्का, भुशात काय हरवलंय काय?" कोणीतरी विचारायचंच.

"व्हय, तुझी अक्कल. गावली की देतो," ती न थांबता म्हणायची.

आमच्याकडच्या बायका 'मी देतो, मी येतो' असंच बोलतात. बेळगावच्या शाळेतून सुट्टीला घरी आले की पहिले दोन दिवस मला ते कानाला वेगळं लागे, आणि परत जायची वेळ आली की तेच आठवत राही.

भुसा म्हणजे अक्काच्या लेखी वाळू होती. तिला हिंगलाजला जायचं होतं.

अक्का जातीने रंगारी, माहेर-सासर दोन्ही खानापूरकडचं. हिंगलाजमाता तिची कुलदेवी. तिचं ठाणं कराचीच्याही पलीकडे, बोटीने कराचीला उतरून पुढे कितीतरी दिवस पायी, वाळूतून आणि उघड्या डोंगरांतून. विहिरी लांब लांब, त्यांचं पाणीही मचूळ. निघताना प्रत्येक यात्रेकरू शपथ घेतो, की आपल्याजवळचं पाणी कुणाला देणार नाही आणि दुसऱ्याचं घेणार नाही. आईने लेकराला दिलेलंही चालत नाही. ज्याचा भार त्याने वाहायचा, ज्याची तहान त्याने सोसायची. तिथून आलेला माणूस गळ्यात बारीक पांढऱ्या खड्यांची माळ घालून येतो आणि भावकीतले म्हातारेसुद्धा त्याच्या पाया पडतात. अक्काच्या घरातली एकही बाई आजवर तिथे गेली नव्हती.

आणि या प्रवासाची तयारी चालली होती आमच्या रानात, जिथे पावसाळ्यात अंगावरचं लुगडं अंगावरच वाळवावं लागतं आणि आगकाड्या तांदळाच्या मडक्यात पुरून ठेवतात!

माझे वडील गोव्याच्या हद्दीवरच्या जकात कचेरीत कारकून होते. मी बेळगावला मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकत होते आणि तिथेच राहत होते. सुट्टीत घरी आले की आईला वाटे, हिला शिवण तरी यावं, म्हणून ती मला अक्काच्या ओसरीवर पाठवायची. मी फारशी बोलत नसे. मराठीत बोलताना इंग्रजी वाक्य आधी मनात यायचं, त्याचं मराठी करेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. इतर बायकांना याचा राग यायचा, शिकल्याचा तोरा वाटायचा. अक्काला उलट बरं वाटायचं. तिच्या तोंडात सदा दोन-तीन सुया धरलेल्या असत आणि ती त्यांच्या कडेने अखंड बोलत असे. ऐकणारं कोणीतरी पाहिजेच होतं.

"मडमे, तू लई गुणाची," ती म्हणायची. "मधी मधी बोलत न्हाईस."

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. तरुणपणी रंगाच्या पातेल्यांत हात घातल्यामुळे नखं मुळापर्यंत तांबडी झालेली, ती तशीच राहिली होती. नवरा गेल्यावर ती कॅसलरॉकला आली, कारण रेल्वेच्या माणसांचे कोट उसवतात आणि त्यांच्या बायका माहेरी असतात, असं तिचं गणित होतं. ते बरोबर निघालं.

पाठीवरची पिशवी तिने स्वतः शिवली होती. मोठी लढाई चालू असताना गोऱ्या शिपायांच्या गाड्या स्टेशनवरून जात. त्यांच्या पाठीवरची पडशी तिने फलाटावर उभं राहून एवढी निरखली, की एका शिपायाने गमतीने तिच्यासमोर गोल फिरून दाखवलं. घरी येऊन तिने गोणपाटाची तशीच एक शिवली, खांद्यांवर दोन पट्टे, पट्ट्यांखाली जुन्या वाकळीचे तुकडे. लोक म्हणाले, अक्का पलटणीत चालली. अक्का म्हणाली, "पलटणीत जेवाय तरी घालतात. माझ्या देवीकडं तेबी न्हाई."

रविवारी सकाळी त्या पिशवीची झडती व्हायची. अक्का सगळं सामान ओसरीवर मांडायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन तिला जाब विचारायची.

"तांब्या, तू कशाला येतोस?"

मग तांब्याच्या वतीने उत्तरही तीच द्यायची. "विहिरीत सोडाय येतोय व्हय? बरं, चल. आणि वाटी, तू कशाला येतीस? तांब्या हाय की. ऱ्हा घरी."

दर रविवारी एक तरी वस्तू घरी राहिलीच पाहिजे असा नियम होता. आधी वाटी राहिली, मग दुसरं लुगडं, मग देवाचा पितळी टाक. टाक बाजूला ठेवताना मात्र तिने हात जोडले. "तुमच्याच घरी चाललोय. तुमास्नी कशाला वज्जं करून न्हेऊ?"

दोन वस्तू मात्र कधी राहिल्या नाहीत. एक मेणकापड, जे तिने स्वतः मेण लावून केलं होतं, पीठ ओलसर होऊ नये म्हणून. दुसरी मिठाची पुरचुंडी. जेवणाचं मीठ निराळं होतं. ही पुरचुंडी जळवांसाठी होती. आमच्या रानात पावसाळ्यात मिठाशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, जळू लागली की मीठ लावायचं, ती गळून पडते.

या यात्रेला कोणाला न्यायचं हे ठरवणार होता तिचा दीर, नारूभावजी. तो एकदा जाऊन आला होता आणि पुन्हा भावकीतल्या माणसांना घेऊन निघणार होता. मे महिन्यात तो लोंढ्याच्या गाडीने आला, ओसरीवर बसला, आणि पिशवीतलं सामान काढायला लागला. मनगटापर्यंत निळे झालेले त्याचे हात मला अजून दिसतात. मेणकापड पाहून त्याला हसू आवरेना.

"वैनी, हे काय? तिथं मढं पडलं तर तेबी कुजत न्हाई, वाळतंय. पिठाचं काय घेऊन बसलासा?"

"आणि हे?" त्याने पुरचुंडी सोडली.

"जळवांचं मीठ."

आता तो ओसरीच्या खांबाला टेकूनच हसला. "वाळूत जळू! वैनी, तिथं मानसाला ओल मिळत न्हाई, जळूला कुठली?"

"असली तर?" अक्का म्हणाली आणि पुरचुंडी परत बांधून पिशवीत टाकली.

मग तो गंभीर झाला. बायकांना न्यायला त्याचं मन नव्हतं. वाटेत कोणी बसलं तर थांबता येत नाही, असं तो म्हणाला. आणि अक्काचा स्वभाव त्याला ठाऊक होता. "तुमी पानी देल्याशिवाय ऱ्हाणार न्हाई, आणि कुणी देलं तर न्हाई म्हणणार न्हाई. तिथं शपत मोडली तर पाप सगळ्यांच्या डोक्यावर."

"मी मोडत न्हाई."

"करून दावा."

त्याने अट घातली. पाच दिवस चालायचं, सगळा भार स्वतः वाहायचा. रोज संध्याकाळी एकदाच, स्वतःच्या हाताने पाण्याचा पोकळ वाळका भोपळा भरायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्याबाहेरचा थेंबही नाही. कोणाचं घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. बरोबर साक्षीदार पाहिजे. तो तेवढे दिवस खानापूरला जाऊन परत येईल.

"साक्षीला मडमेला न्हेतो," अक्का लगेच म्हणाली. "ती बोलतच न्हाई, मग खोटं कुठलं बोलंल?"

आईने परवानगी कशी दिली याचं मला अजून नवल वाटतं. पण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईच्या उशाशी अक्काच बसून होती, आणि अक्काला नाही म्हणणं आईला जमत नसे. वडिलांनी कचेरीतला म्हातारा शिपाई सखाराम काठी देऊन बरोबर धाडला. ठरलं, नंदिगड्ड्याच्या अंगाला जायचं आणि परत यायचं. रात्री अक्काच्या ओळखीच्या घरी, दिवसा गाडीवाटेने.

असा प्रवास कोणी केला नसेल. दर अर्ध्या कोसावर ओढा. मे असला तरी आमच्या रानातले ओढे पुरते आटत नाहीत. दगडांखालून का होईना, वाजत राहतात. सखाराम प्रत्येक ओढ्यावर बसायचा, ओंजळ भरून आवाज करत प्यायचा, वर मिशा पुसत म्हणायचा, "अक्का, काय गारेगार हाय म्हणून सांगू! जसं काय आताच डोंगरानं सोडलंय."

"वाळू हाय ती," अक्का म्हणायची. "वाळू पितोयस तू. पोट दुखंल."

ओढा ओलांडताना ती पायांखालचं पाणी असं टाळायची, की जणू तापलेली वाळूच आहे. दगडावरून दगडावर, पदर खोचून, पाठीवरचा भार सांभाळत. पिशवीच्या बाजूला भोपळा लटकलेला, त्याभोवती ओला फडका. सावलीत बसलो की ती भोपळ्याचं बूच काढायची, एक घोट तोंडात घ्यायची, गाल फुगवून बराच वेळ तसाच ठेवायची. तेवढाच वेळ ती गप्प असायची.

तिसऱ्या दिवशी, कडक दुपारी, आम्ही नंदिगड्ड्याजवळ एका कुणब्याच्या अंगणात टेकलो. घरातली माणसं कामावर गेली होती. एकटी म्हातारी होती, सोमीआजी. वाकलेली, कमरेपर्यंत मण्यांच्या माळा. आम्हाला पाहून ती न बोलता आत गेली आणि एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पानावर गुळाचा खडा घेऊन आली. पहिला तांब्या अक्कापुढे, कारण भार तिच्याच पाठीवर.

अक्काने हात जोडले. "माजं न्हाई, आजी. यांना द्या."

सखाराम प्यायला. मीही प्यायले. आजीने दुसरा तांब्या भरून आणला आणि परत अक्कापुढे धरला. अक्काने परत मान हलवली. मग आजीने तांब्या खाली ठेवला. तिचा चेहरा बदललेला मला दिसला.

"आमचं उदक चलना तुका?"

मला तेव्हा कळलं काय झालं ते. आजीला वाटलं, ही आम्हाला हलकं समजते. रानातले लोक ही गोष्ट बरीच सोसतात. बाजारात त्यांना वरून पाणी ओततात, हे मी रामनगरला पाहिलेलं होतं. पण इथे तर त्यांच्याच अंगणात बसून कोणी त्यांचं पाणी नाकारत होतं.

अक्का गडबडली. "तसं न्हाई हो आजी. नेम हाय माजा. माज्या भोपळ्यातलंच प्यायाचं, असा नेम."

आजीने भोपळ्याकडे पाहिलं. "ते खंयचं उदक?"

"काल भरलं, खालच्या वढ्याचं."

"त्या वढ्यांत आमची म्हस बसता," सोमीआजी म्हणाली. "म्हशीचं चलता, माझं चलना?"

सखाराम खो खो हसला आणि मग अक्काचं तोंड बघून थांबला. अक्का खाली बघत होती. मला वाटलं ती अजून समजावील. देवीचं सांगेल, दिराचं सांगेल. पण तिने पाठीवरची पिशवी उतरवली, भोपळा बाजूला ठेवला, तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि वरून न ओतता, तोंडाला लावून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग गुळाचा खडा तोंडात टाकला.

"गोड हाय पानी," ती म्हणाली.

"आमची बाव आसा," आजी मागच्या विहिरीकडे बोट करून म्हणाली, आणि एकदम बोलकी झाली. कुठे चाललात, पाठीवर हे काय. अक्काने सगळं सांगितलं. पाणी नसलेल्या मुलखात देवी आहे हे ऐकून आजीने गालावर हात ठेवला. "उदक ना? मग देवी कशी ऱ्हाता गे?"

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. भोपळा भरायच्या आधी अक्काने त्यातलं उरलेलं पाणी गुरांच्या डोणीत ओतलं. चांगला अर्धा भोपळा होता. मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मडमे, गेलं बघ माजं हिंगलाज."

परतीच्या वाटेवर सखाराम तिला म्हणाला, "अगं अक्का, नेम मोडलाच हाय. आता तरी वढ्यावर पी की."

"एकदा मोडला. दुसऱ्यांदा कशाला मोडू?"

आणि तिने नाही मोडला. परतताना एक सडा लागतो. तांबड्या जांभ्या दगडाचं उघडं पठार, झाड नाही, सावली नाही, खालून दगड भाजतो आणि वरून ऊन. सखारामने आणि मी आमचं पाणी तिथे मध्यावरच संपवलं. अक्का पुढे चालत होती, पिशवीच्या पट्ट्यांत अंगठे अडकवून, भुशाच्या ढिगावर चालायची तशीच, ना भरभर ना हळू. तिने मागे वळून पाहिलं, माझे सुकलेले ओठ तिला दिसले असणार, आणि ती परत पुढे बघून चालायला लागली. तिला ते किती जड गेलं हे तिच्या पाठीवरून मला कळत होतं. सडा उतरून पहिला ओढा आला तेव्हा मी पाण्याकडे पळाले, आणि ती माझ्यामागे उभी राहून म्हणाली, "पी गं बाई, पी. लई पी."

घरी आलो तेव्हा नारूभावजी आमच्याच ओसरीवर बसला होता. त्याने मला जवळ बोलावलं. "सांग बाळ. कुणाचं पानी घेतलं का वैनीनं?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का पिशवी उतरवत म्हणाली, "तिला कशाला इचारतासा? घेतलं. नंदिगड्ड्याला, एका कुणबिणीच्या घरचं. तांब्याभर."

तो उपरणं झटकून उठला. "मग झालं की, वैनी. मी आता काय बोलू?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. अक्का पिशवीच्या पट्ट्याचा उसवलेला टाका बोटाने चाचपत होती.

"त्यांच्या भोपळ्यात पाणी होतं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा दारात आली. माझे कान तापले, पण वाक्य या वेळी सरळ मराठीतच आलं होतं आणि त्याच्यामागे दुसरं उभं होतं.

"अर्धा भोपळा होता. संध्याकाळी गुरांच्या डोणीत ओतला, मी बघितलं. तहान लागली म्हणून नाही प्यायल्या त्या. आजींना वाटलं, त्यांचं पाणी यांना चालत नाही. म्हणून प्यायल्या. आणि सड्यावर माझं पाणी संपलं तेव्हा मला दिलं नाही. एक थेंब दिला नाही."

शेवटचं वाक्य तक्रारीसारखं आलं, आणि सखाराम हसला. नारूभावजी मात्र हसला नाही. तो अक्काकडे बघत होता.

"या पोरीला देलं न्हाई?"

"न्हाई," अक्का म्हणाली.

नारूभावजी परत खाली बसला. बराच वेळ आपले निळे हात बघत राहिला. "वैनी, तिथं आजी न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तिथं घर न्हाई, अंगण न्हाई. पानी घे म्हणणारं तिथं कुणी भेटतच न्हाई. मान कुणाचा राखायचा?"

"त्येचंच भ्या वाटतंय मला," अक्का म्हणाली.

यावर तो हसला. आईकडे वळून म्हणाला, "बाई, घोटभर चा मिळंल काय?" चहाला थांबला म्हणजे लोंढ्याची गाडी हुकवली, आणि गाडी हुकवली म्हणजे अक्काला न्यायचं ठरलं, हे सगळ्यांना कळलं. निघताना त्याने एवढंच सांगितलं, "नाताळाच्या सुमाराला निघायचं. आणि ते मीठ तेवढं काढा."

मी आता हुबळीला मुलींच्या शाळेत शिकवते. वर्गापुढे उभी राहून रोज बोलते, आणि कोणाच्या बाजूने दोन शब्द सांगायची वेळ आली तर सांगते. ते मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. अक्काने मला साक्षीला नेलं नसतं तर माझा आवाज कसा आहे हे मला उशिरा कळलं असतं, किंवा कळलंच नसतं.

अक्का हिंगलाजला जाऊन परत आली. हे मला सखारामकडून कळलं, कारण तोवर वडिलांची बदली होऊन आम्ही कॅसलरॉक सोडलं होतं. गळ्यात पांढऱ्या खड्यांची माळ घालून ती गाडीतून उतरली, लोक पाया पडायला वाकले, तर ती म्हणाली, "पाया मागनं पडा, आधी पानी प्या." फलाटावर जो दिसेल त्याच्यापुढे तिने तांब्या धरला. मग तिच्या ओसरीसमोरून पाणी न पिता कोणाला जाता येईना, असं सखाराम सांगत होता. हमाल, शिपाई, गाडीवान, स्टेशनमास्तर. तहान असो नसो.

पण मी तिला शेवटचं पाहिलं ते निघताना. नाताळच्या सुट्टीत मी घरी आले होते. खानापूरची माणसं लोंढ्याला भेटणार होती, तिथपर्यंत ती एकटीच. डब्यात बसली, तरी पाठीवरची पिशवी काढेना. त्यामुळे बाकाच्या अगदी कडेला, पुढे झुकून बसली होती. मी खिडकीशी उभी होते. तोंडात सुया नसल्या की ती अशीच जरा ओशाळल्यासारखी दिसायची.

शिट्टी झाली. तिने हात मागे घालून पिशवीत चाचपलं आणि मिठाची पुरचुंडी बाहेर काढली. तळहातावर धरून तिच्याकडे रोखून पाहिलं.

"तू कशाला येतीस?" तिने विचारलं.

तिने उत्तराची वाट पाहिली. पुरचुंडीच्या वतीने या वेळी ती काही बोलली नाही. गाडी हलली तशी तिने खिडकीतून हात बाहेर काढला, तांबड्या नखांची बोटं उघडली, आणि पुरचुंडी माझ्या हातात ठेवली.

"तू हिच्याजवळ ऱ्हा," ती मिठाला म्हणाली.